तुझा तिसरा आठवडा

वर्धमान नगर, नागपूर
१४ ऑगस्ट

प्रिय मंगल,

परवा फोनवर तू म्हणालीस, "तिसऱ्याच आठवड्यात अडकली मी, प्रॉबॅबिलिटी काही समजून नाही राहिली, सोडूनच देते." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. तुझा लेक मागे रडत होता, इकडे अडतीवर गाडी खाली होत होती, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. आज बाहेर पावसाची झड लागली आहे आणि बाजार थंड आहे, तेव्हा सगळं लिहूनच काढते.

स्टॅटिस्टिक्सचा हा ऑनलाइन कोर्स सोडू नकोस. निदान एक प्रश्न विचारल्याशिवाय तरी सोडू नकोस.

आठवतं ना, बी.एस्सी.ला तीन वर्षं आपण एकाच बाकावर बसलो आणि मी वर्गात एकदाही हात वर केला नाही. सर "समजलं का?" विचारायचे, सगळे माना डोलवायचे, मीही डोलवायची. रात्री होस्टेलवर तुझ्याकडून समजून घ्यायचं, तुलाही आलं नाही तर पाठ करायचं. लग्नानंतर अकरा वर्षांनी जानेवारीत 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सांच्या साइटवर स्टॅटिस्टिक्सचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला, तेव्हा तीच सवय घेऊन बसले होते. फक्त या वेळी शेजारी तू नव्हतीस.

मीही तिसऱ्याच आठवड्यात अडले. दोन दिवस धीर गोळा करून कोर्सच्या चर्चेत लिहिलं, 'तिसऱ्या आठवड्यात डाऊट आहे, प्लीज हेल्प', आणि खाली एकच ओळ, 'व्हिडिओ समजला नाही'. आठ दिवस कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, आपलं इंग्रजी वाचूनच लोक पुढे गेले असतील. खूप लागलं गं मनाला. मग एका रात्री माझंच लिहिलेलं मी परक्यासारखं वाचलं. काय समजलं नाही, कुठपर्यंत समजलं होतं, काहीच त्यात नव्हतं. उत्तर द्यायची इच्छा असलेल्यानेही द्यायचं तरी काय?

त्याच रात्री भांडी आवरून ओट्याशी मोबाइल घेऊन उभी राहिले आणि नव्याने लिहिलं. कितवा व्हिडिओ, कितवं मिनिट, फळ्यावर कोणतं सूत्र होतं. मग माझी अडचण: नमुन्याचं व्हेरिअन्स, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज भागून निघणारा आकड्यांचा पसारा, काढताना आकडे तीन असले तर तीनने भागायला हवं, मग सर दोनने, म्हणजे एन वजा एकने, का भागतात? मी काय करून पाहिलं तेही लिहिलं. पाऊण तास गेला. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, म्हणाल्या, "काहून वं, एवढ्या रात्री कोणाले लिहून राहिली?" त्यांना काय सांगू? पण त्या पाऊण तासात मला एक कळलं. सूत्रातलं बाकी सगळं मला येत होतं. 'काहीच समजत नाही' म्हणून मी ज्याला घाबरले होते, तो प्रत्यक्षात भागाकारातला एवढासा 'वजा एक' होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, गुवाहाटीच्या एका विद्यार्थ्याचं. त्याने आयतं समजावलं नाही, उलट मलाच विचारलं: "कोणतेही तीन आकडे घ्या. सरासरीपासूनचे फरक काढा. त्यांची बेरीज किती येते?"

मृग बहाराच्या संत्र्यांची आवक नुकतीच सुरू झाली होती, घरात संत्रीच संत्री. टोपलीतली तीन उचलली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: १४८, १५५ आणि १७७ ग्रॅम. सरासरी १६०. फरक वजा १२, वजा ५ आणि अधिक १७. बेरीज शून्य. आणखी तीन घेतली, परत शून्य. म्हणजे दोन फरक कळले की तिसरा आपोआप ठरतो, त्याच्याकडे सांगायला नवीन काही उरतच नाही! मोकळे फरक दोनच. हे मी त्याला कळवलं, तर त्याने पुढची पायरी दिली: "आता १६०च्या जागी दुसरा कोणताही आकडा धरून फरकांचे वर्ग करा." १६० धरून वर्गांची बेरीज ४५८ येत होती, १६५ धरली तर ५३३. कोणताही आकडा घे, ४५८च्या खाली येतच नाही. पूर्ण गाडीची खरी सरासरी तर आपल्याला माहीत नसते. आपण या तीन संत्र्यांचीच सरासरी धरतो, आणि ती त्यांच्या सगळ्यात जवळची असल्यामुळे पसारा एकंदरीत खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तीनऐवजी दोनने भागलं की ती कसर भरून निघते. ४५८ला तीनने भागून येणाऱ्या १५२.६७च्या जागी २२९.

मंगल, बी.एस्सी.ला हे सूत्र मी किती वेळा लिहिलं असेल! त्या दुपारी, हाताला संत्र्याचा वास येत असताना, ते पहिल्यांदा माझं झालं.

पुढे मीही दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागले. सुरुवातीला इंग्रजीची धास्ती होती. मग लहान लहान वाक्यं लिहायची ठरवली, आधी वहीत, मग तिथे. मीडियन (मधला आकडा) आणि मीन (सरासरी) यांत गोंधळलेल्या एका मुलीला मी कळमना बाजारातल्या भावांचं उदाहरण दिलं. एखादाच ढीग फार चढ्या भावाने गेला की सरासरी वर ओढली जाते, मधला भाव जागच्या जागी राहतो. तिला ते पटलं, आणि ते सांगताना माझं स्वतःचं इतकं पक्कं झालं की परीक्षेत त्यावर क्षणभरही थांबावं लागलं नाही.

एक जपायचं. मुदत संपायच्या आधी असाइनमेंटची उत्तरं तिथे टाकायची नसतात, आणि 'प्रश्न ४चं उत्तर बी आहे का' असंही विचारायचं नाही. संकल्पना विचार, हवी तेवढी विचार. आयती उत्तरं फिरवणारे व्हॉट्सअॅप ग्रुपही सापडतील तुला. मी एकात होते, बाहेर पडले. परीक्षा केंद्रावर बसून द्यायची असते, तिथे आपणच असतो. आणि तिसऱ्या आठवड्याचे मार्क गेले म्हणून रडू नकोस. बारापैकी सगळ्यात चांगल्या आठ असाइनमेंटच धरतात, त्यांचे २५ आणि परीक्षेचे ७५. चार हातच्या आहेत तुझ्या. मात्र परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, त्याची तारीख चुकवू नकोस. मी एप्रिलच्या उन्हात प्रजापती नगरहून मेट्रोने थेट लोकमान्य नगरला गेले होते, हिंगणा रोडच्या केंद्रावर. डब्यातल्या बहुतेक परीक्षार्थी पोरी माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या, आणि मला जराही अवघडल्यासारखं झालं नाही.

आता तुझी प्रॉबॅबिलिटी. 'समजून नाही राहिली' हा प्रश्न नाही गं. पण फोन ठेवता ठेवता तू एक वाक्य बोललीस: "ज्या दोन गोष्टी एकत्र होऊच शकत नाहीत, त्या एकमेकींपासून स्वतंत्रच झाल्या ना, मग सर नाही काहून म्हणतात?" हा प्रश्न आहे, आणि फार चांगला आहे. म्युच्युअली एक्सक्लूसिव्ह आणि इंडिपेन्डन्ट यांत माझाही असाच घोळ झाला होता. उत्तर मला येतं, पण देणार नाही. गुवाहाटीच्या त्या मुलासारखं एवढंच विचारते: फासा टाकला, मी झाकून ठेवला आणि तुला सांगितलं की २ पडलाय. आता ५ असण्याची शक्यता किती उरली? आणि मी सांगायच्या आधी ती किती होती?

हे वहीत सोडव. मग तुझा प्रश्न तिथे लिही, व्हिडिओच्या नंबरासकट आणि तू काय करून पाहिलंस त्यासकट. त्याआधी कोणी तोच विचारलाय का, तेवढं शोधून घे. पाठवायच्या आधी वाटलं तर मला फोटो पाठव, पण माझ्यासाठी थांबून राहू नकोस.

पोळ्याला येशील तर दोन दिवस राहायच्या तयारीने ये. दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन महालात मारबतीची मिरवणूक पाहायला जाऊ, आणि रात्री तुझी वही घेऊन बसू. फासा माझ्याकडे आहे, पोरांच्या सापशिडीतला.

तुझीच,
सुनंदा