तिथं काय आहे बघायला?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दर उन्हाळ्यात तुमच्या पुरवणीत यंदा कुठं जाल म्हणून एक पान येतं. मी ते न चुकता वाचतो आणि दरवर्षी तेच असतं, कुलू मनाली, उटी, काश्मीर, नाहीतर मग कोकण. जागा चांगल्याच आहेत, माझं काही भांडण नाही. पण ओ साहेब, माणूस खरंच असं ठरवतो का, की इथं पाच पॉइंट आहेत, तिथं सात, चला सातवाल्याकडं? माझ्या ज्या ट्रिपा लक्षात राहिल्यात त्या सगळ्या एकदम फालतू कारणांनी झाल्यात, चारचौघांत सांगायची लाज वाटते म्हणून पत्रात लिहितोय.

पहिली पानिपतची. माझे वडील सोलापुरात साखर पेठेत यंत्रमागावर होते, जॅकार्डच्या चादरी विणायचे. पाहुणा मुक्कामाला आला की त्याला अंथरुणावर बसवून आधी चादरीवरचा मोर दाखवणार, कडा दाखवणार, मग दिवा बंद. पुढं धंदा बसत चालला तसं घरात एका गावाचं नाव सारखं ऐकू यायला लागलं. पानिपतचा माल स्वस्त, पानिपतचं ब्लँकेट आलं, पानिपतनं मारलं आपल्याला. तिकडं शाळेत बाई सदाशिवरावभाऊंचं पानिपत शिकवायच्या आणि मला कितीतरी दिवस वाटायचं की भाऊ चादरीच्या भांडणातच गेले.

तर रिटायर झाल्यावर पहिलं तिकीट काढलं ते कर्नाटक एक्स्प्रेसचं, दिल्लीला उतरायचं आणि पुढं नव्वदएक किलोमीटर पानिपत. मेहुणा म्हणला, पानिपतला कोण फिरायला जातं का भावजी, १७६१ ला गेलेले अजून परत आले नाहीत. बाकी सगळ्यांना वाटलं मी इतिहासासाठी चाललोय, दोघातिघांनी तर काला आंबची, म्हणजे लढाईच्या जागेवरची, माती आणायला सांगितली. आता मी काय सांगू की मला टॉवेल आणि ब्लँकेट बघायचेत म्हणून.

काला आंबला गेलो, हात जोडले. लढाई १४ जानेवारीची, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराची, आमच्याकडं त्या वेळी सिद्धेश्वराची जत्रा, गड्डा, भरलेला असतो, नंदीध्वज निघतात. मीपण जानेवारीतच गेलो होतो आणि तिथली थंडी म्हणजे काय सांगू, दोन स्वेटर घालून दात वाजत होते. मनात एवढंच आलं की ती माणसं उपाशी, आणि त्यांच्या अंगावर काय होतं कुणास ठाऊक.

मग माझं खरं काम. पानिपतला परदेशातनं जुन्या कपड्यांच्या गाठी येतात, फाटके स्वेटर, कोट, काय काय. बायका बसून त्यांची बटणं आणि चेनी कापून काढतात, रंगाप्रमाणं ढीग लावतात, लालमध्ये लाल, निळ्यात निळा, मग मशिनवर ते फाडून पिंजून परत सूत काढतात आणि त्याचं ब्लँकेट होतं. रंगवायचा खर्चपण बराचसा वाचतो. मी एका गोडाऊनच्या दारात तासभर उभा होतो, कुणी हाकललं नाही. वडील उभा जन्म ज्या भावावरनं चिडायचे त्याचं गणित तिथं समजलं, नवं सूत घेऊन चादर विणणाऱ्याचा त्या भावात मेळ बसणार कसा? वडील असते तर त्यांना तिथंच उभं करून दाखवलं असतं.

बाजारात एका दुकानदारानं तर मलाच सोलापुरी चादर दाखवली, एकदम ओरिजिनल म्हणे. आपल्या चादरीला जीआय टॅग, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, आहे हे त्याला सांगून काय उपयोग. हातात घेतल्याबरोबर समजलं, तरी घेतली. घरी आईला दिली, तिनं कड चिमटीत धरून चोळली आणि म्हणली, पाय पुसायला ठेव.

आमच्या शेजाऱ्यांचं वेगळंच. इथं चारपाच दिवसांआड पाणी, पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, तर त्यांनी ठरवलं की एकदा मनसोक्त भिजायचं आणि थेट चेरापुंजी गाठली, जिथं ११ हजार मिलीमीटर पडतो. पण रजा मिळाली डिसेंबरात. तिकडं हिवाळ्यात कोरडं ठाक, बायका लांबनं पाणी भरतायत. परत आले तर म्हणतात, आपल्यासारखंच आहे की सगळं. फोटोत दोघं छत्री धरून उन्हात उभे आहेत.

आणि आईची गुंतकलची ट्रिप. तिचं माहेर स्टेशनाजवळ, लहानपणापासनं अनाउन्समेंट ऐकत वाढली, मद्रासकडची कुठलीपण गाडी असली की वाडी, रायचूर, गुंतकल. तिला वाटायचं सगळ्या गाड्या जर तिथंच चालल्यात तर काहीतरी भारी असणार. कधी बोलली नाही. सत्तरी ओलांडल्यावर एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणली, मला एकदा गुंतकल दाखव. मी म्हणलो, आई तिथं काय आहे बघायला, नुसतं जंक्शन आहे. तर म्हणली, आसू दे की.

गेलो. स्टेशनाबाहेर एक चक्कर मारली, बाकी सगळा वेळ प्लॅटफॉर्मवरच, इडली खाल्ली, दोनदा चहा झाला, आई रूळ मोजत बसली. परतीच्या गाडीची तेलुगूत अनाउन्समेंट सुरू झाली, त्यातलं तिला एकच कळलं, सोलापूर. इतकी हसली ओ ती. म्हणली, म्हंजे हितंबी कोणतरी बाई सोलापूर सोलापूर ऐकत बसली आसंल, आन् तिला वाटत आसंल काय की भारी गाव हाय.

तर साहेब, विनंती अशी की पुरवणीतलं एखादं पान असल्या लोकांना द्या. हॉटेलचे रेट आणि पॉइंटची यादी मोबाईलवर मिळते, हे मिळत नाही. फोटो नसले तरी चालतील, आईचा गुंतकलचा एकही फोटो नाही, मी चहा आणायला गेलो होतो.

आपला नम्र,
एक जुना वाचक, सोलापूर

ता.क. : हे पत्र मंडळींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मला राजस्थानात फलोदीला जायचंय. कारण काय, तर १९ मे २०१६ ला तिथं ५१ डिग्री झालं होतं, आणि सोलापूरच्या बाईसमोर कुणी उन्हाचं कौतुक सांगितलेलं त्यांना खपत नाही. तिकीट मे महिन्याचंच काढा म्हणतायत.