बाबा, त्या कोटेशनला ॲडव्हान्स देऊ नका

बाबा, आई,

फोनवर हे सगळं सांगायला गेलं की मधेच आई 'जेवलीस काय' विचारते आणि विषय तिथंच राहतो, म्हणून लिहूनच पाठवतेय. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या आणि बेळगावला जाताना खिशात असू दे.

दुकानदारानं दिलेल्या कॉम्प्युटरच्या कोटेशनचा फोटो बघितला. आय-7 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क, 19 इंची स्क्रीन, सगळं मिळून 18,500. बाबा, तुम्हाला सौदा बरा वाटला असणार, आय-3 पेक्षा आय-5 मोठा आणि त्याच्यापेक्षा आय-7 मोठा असं कुणालाही वाटतं. पण त्या आय-7 च्या पुढं बारीक अक्षरात 4770 लिहिलंय बघा, खरी गोम तिथं आहे. त्यातला पहिला 4 म्हणजे चौथी पिढी, हा प्रोसेसर आला 2013 साली. कंपन्या ऑफिसातली जुनी मशिनं लॉटनं विकतात, ती पुसून-बिसून परत बाजारात येतात, त्यातलंच हे एक. जुनं म्हणून सांगून विकलं तर माझं काही म्हणणं नाही, गरजवंताला तेही चालतं, पण तुमच्या कागदावर सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड असं कुठंच लिहिलेलं नाही आणि वर एक वर्षाची वॉरंटी म्हणतोय, ती कशाची ते त्यालाच माहीत.

दुसरी भानगड विंडोजची. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केला. आता घ्यायचं तर विंडोज 11 च, आणि त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम 2.0 म्हणून सुरक्षेची एक सोय मशिनात असावी लागते. चौथ्या पिढीत हे बसत नाही. दुकानदार म्हणेल, मी टाकून देतो की, आणि देईलही, जुगाड करून चालू होतं, पण पुढं अपडेट यायचे थांबले तर कुणाला विचारणार? तुम्ही त्याच्यावर पेन्शनचं खातं बघणार, एफडी बघणार, तिथं असला जुगाड नको.

मग घ्यायचं काय, तर साधा आय-3, पण बाराव्या पिढीचा, नंबर 12100. गंमत म्हणजे त्या जुन्या आय-7 ला चार कोर, म्हणजे काम करणारे चार भाग, आहेत आणि ह्यालाही चारच, तरी हा त्याच्यापेक्षा बराच फास्ट चालतो आणि वीजही कमी खातो. नंबरच्या शेवटी एफ नको हे मात्र नीट बघा. 12100 एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्याच्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे वेगळं कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. तुम्हाला गेम खेळायचे नाहीत, व्हिडिओ एडिटिंग करायचं नाही, उतारे बघायचे, पेपर वाचायचा, पतसंस्थेचे कागद टाइप करायचे आणि नातवाशी व्हिडिओवर बोलायचं, एवढ्याला आय-3 भरपूर झाला.

हार्ड डिस्कच्या जागी 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या, फाइली साठवायची नव्या तऱ्हेची वेगवान डिस्क. 1 टीबीपेक्षा आकडा लहान दिसतो म्हणून मागं हटू नका. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची चकती फिरते, एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणून मशीन पटकन सुरू होतं. आपले सगळ्या लग्नांचे फोटो घातले तरी 512 भरायला वेळ लागेल. रॅम 8 जीबीची एकच पट्टी घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. रॅमचे भाव सध्या लई चढलेत, एआयची डेटा सेंटरं माल उचलायलीत म्हणून, तेव्हा 16 चा हट्ट आत्ता नको, पुढं उतरले की दुसरी पट्टी घालू.

वाचलेले पैसे स्क्रीनवर घाला. कोटेशनमधे सगळ्यात वाईट काय असेल तर ती 19 इंची स्क्रीन, आणि तुम्ही त्याच्याबद्दल एक शब्द विचारला नाही! अहो, कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून मुळात तुम्ही का म्हणालात, तर मोबाईलवर भूमीच्या, म्हणजे कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या, साइटवरचा उतारा दिसत नाही, ती बारीक कन्नड अक्षरं आणि सर्वे नंबर ताणून ताणून बघावे लागतात, तरुण भारतचं पान मोठं केलं की अर्धी बातमी बाहेर जाते. मग 24 इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलवाली स्क्रीन घ्या. आयपीएस म्हणजे बाजूला बसलेल्या आईलाही रंग नीट दिसतात. सेटिंगमधे स्केल 125 किंवा 150 टक्के केलं की सगळी अक्षरं मोठी होतात.

आणि स्क्रीन उंच ठेवू नका. तुमचा चष्मा बायफोकल, जवळचं दिसायचा भाग खाली, त्यामुळं स्क्रीन वर असली की हनुवटी वर करून बघत बसावं लागतं आणि मग आठवड्याभरात मान धरली म्हणून तेल चोळणं सुरू. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या जरा खालीच असू दे, अंतर हातभर. शक्य असलं तर वरखाली होणाऱ्या स्टँडची मागा. टेबल सोप्यात ठेवताय ते बरोबर, पण परड्याच्या दाराकडं पाठ करून बसू नका, सगळा उजेड स्क्रीनवर येतो आणि स्वतःचंच तोंड बघत बसाल.

आता लाईटचं. खानापूरचा पाऊस मी तुम्हाला काय सांगणार, जूनमधे एकदा लागला की लाईट कधी जाईल आणि कधी येईल ह्याचा नेम नाही. डेस्कटॉपला लॅपटॉपसारखी बॅटरी नसते, लाईट गेली की टाइप केलेलं तिथंच गेलं. 600 व्हीएचा यूपीएस घ्या, पंधरा-एक मिनिटं मिळतात, सेव्ह करून नीट बंद करायला पुरे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, 12 व्होल्ट 7 एएच, कुठंही मिळते. आपला इन्व्हर्टर आहे त्याच्यावर चालेल काय असं तुम्ही विचारला होता, तर मागं यूपीएस मोडचं बटण आहे काय ते बघा. असलं तर चालू शकेल, नसलं तर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो.

त्याच्याही आधी, म्हणजे मशीन घरात यायच्या आधी, वायरमनला बोलवून सोप्यातल्या थ्री-पिन प्लगची अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक असतं पण त्याच्या मागं वायरच नसते. मागच्या गल्लीतल्या काकांच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, आणि ते कौतुकानं सांगतात, नवीन मशीन आहे, करंट जास्त आहे. करंट कसला डोंबलाचा! मशिनातल्या पॉवर सप्लायमधून थोडीशी गळती होतच असते, ती अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे, वायर नसली की पत्र्यावरच राहते. आई ओल्या हातानं फडकं मारणार, मला तीच भीती आहे. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, फरशीला पावसात ओल सुटते. आणि पावसाळ्यात वापर असो नसो, दिवसातनं थोडा वेळ चालू ठेवत चला.

बारीकसारीक, पण दुकानदार आपणहून सांगणार नाही असं: डेस्कटॉपला कॅमेरा आणि माईक नसतो, वेबकॅम वेगळा घ्यावा लागतो. पुष्कळ मदरबोर्डना, म्हणजे सगळे पार्ट ज्याच्यावर बसतात त्या मुख्य पाटीला, वायफायही नसतं, तेव्हा यूएसबीचं वायफाय घ्या, नाहीतर राउटरपासून केबल ओढा. विंडोजचं लायसन्स बिलात लिहून घ्या, पक्कं जीएसटी बिल पाहिजे, आणि त्यावर प्रत्येक पार्टचं नाव आणि नंबर, कारण वॉरंटी पार्टची वेगवेगळी असते.

कीबोर्डची काळजी करू नका. विंडोजमधेच मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी, शिका बाबा, थोडे दिवस त्रास होईल, पण एकदा बसलं की दोन्हीकडं चालतं, इंग्लिश के ज्या बटणावर आहे तिथंच मराठीचा क आणि तिथंच कन्नडचाही. पतसंस्थेचा अर्ज मराठीत आणि तलाठ्याकडचा कन्नडमधे, बोटं तीच.

आई, तू म्हणालीस मला काय करायचंय त्याचं. तुझी भिशीची वही आहे ना, कुणी दिले, कुणाचे राहिले, कुणाचा नंबर लागला, ते लिब्रे ऑफिसमधे घालून देते, फुकट मिळतं ते. बेरीज आपोआप येते, मग दर महिन्याला शेजारच्या वहिनींशी पन्नास रुपयांवरनं वाद नको. माऊसवर डबल क्लिक जमत नसेल तर एकदा क्लिक करून एंटर दाब, तेच होतं.

काही अडलं तर विंडोजमधल्या क्विक असिस्टवरनं मी इकडं पुण्यात बसून तुमची स्क्रीन बघेन. पण त्याला लागणारा कोड मी फोनवर सांगेन, दुसऱ्या कुणाचा कोड टाकायचा नाही. बँकेतनं बोलतोय, पोलिसातनं बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय असं म्हणून कुणी कोड टाकायला सांगितला तर सरळ फोन ठेवा, समोरचा कितीही साहेबासारखा बोलू दे. बाबा, तुम्ही भिडेनं ऐकत बसता, म्हणून सांगतेय.

ऑनलाइन मागवून पाठव असं दादा म्हणत होता, पण मला ते पटत नाही. बंद पडलं की खोकं घेऊन कुणाकडं जाणार तुम्ही? बेळगावातलंच दुकान बघा, दोन-तीन ठिकाणी कोटेशन घ्या, आणि घरी येऊन जोडून देणार काय ते आधीच विचारा, खानापूरला यायचे वेगळे मागितले तरी द्या. यूपीएस आणि लायसन्स धरून पन्नास हजारांच्या आसपास बसवायचं बघू, वर जायला लागलं तर वेबकॅम मी इकडून आणते.

नवं कोटेशन आलं की फोटो आधी मला पाठवा, ॲडव्हान्स नंतर. पैसे मी टाकते म्हटलं तर बाबा नको म्हणणार, म्हणून अकाउंट नंबर आईकडून घेऊन ठेवलाय.

तुमची लेक