गायकांना विचारलं होतं का?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत 'द साउंड ऑफ सायलेन्स' या गाण्यावरचा लेख वाचला. काळाची पावलं ओळखून सायमन आणि गारफंकल या अमेरिकन गायक जोडीने आपल्या गाण्याला नवा साज चढवला आणि ते पहिल्या क्रमांकावर नेलं, असं त्यात म्हटलं आहे. साफ चूक. त्यांनी काहीही चढवलं नाही. त्यांना पत्तासुद्धा नव्हता.

मार्च १९६४ मध्ये हे गाणं न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालं तेव्हा त्यात विजेवरचं एकही वाद्य नव्हतं. त्या ऑक्टोबरात अल्बम आला आणि पडला. जोडी फुटली. सायमन इंग्लंडला गेला, गारफंकल परत कॉलेजात. पुढच्या वर्षी बॉस्टन आणि फ्लोरिडातल्या रेडिओवर गाणं वाजायला लागलं, तेव्हा कोलंबिया कंपनीचा निर्माता टॉम विल्सन याने १५ जून १९६५ रोजी वादक बोलावले आणि जुन्या टेपवर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. गायकांना न विचारता. गाणं चार्टवर चढलंय हे सायमनला कळलं तेव्हा तो डेन्मार्कमध्ये होता. १ जानेवारी १९६६ला ते बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, मध्ये बीटल्सनी खाली ढकललं, २२ जानेवारीला पुन्हा वर. मूळ गायन तालाला काटेकोर बांधलेलं नाही, त्यामुळे नीट ऐकलं तर एका जागी ठेका किंचित मंदावतो. वादक गायकांसाठी थांबलेत, आणि गायक तिथे नाहीतच.

हे मला एवढं का झोंबलं ते सांगते. १९९२ साली मी आणि माझ्या जाऊबाईंनी सासूबाईंकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या एका कॅसेट कंपनीसाठी गायल्या. साथीला तानपुरा आणि टाळ, बस्स. दोघींना मिळून दीड हजार रुपये, एकरकमी. पुढच्या आषाढीला पंढरपुरात एका कॅसेटच्या गाड्यावरून आमचाच आवाज कानावर आला, आणि त्याच्याखाली ऑक्टोपॅड धडधडत होता. ओवीच्या तिसऱ्या चरणानंतर जाऊबाई जरा थांबायच्या. जात्याच्या तोंडात मूठ घालायला जेवढा वेळ लागतो, तेवढी ती जागा. सासूबाई तशाच थांबायच्या. त्या जागेत कुणीतरी की-बोर्डवरची सनई घुसवली होती. जाऊबाई गाड्यासमोर उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावला आणि मला म्हणाल्या, "अगं, मी तिथे मूठ घालत होते."

कॅसेट चांगली खपली. नातेवाईक अभिनंदन करायला आले. एवढी गाजली तर राग कसला धरताय, म्हणून घरातल्या पुरुषांनी आमचीच समजूत काढली. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच आमचं म्हणणं होतं, आणि ते कुणाला कळलं नाही. जाऊबाई त्यानंतर माईकसमोर बसल्या नाहीत.

विल्सनचा कान तयार होता, हे मी नाकारत नाही. त्याने हे केलं नसतं तर ती जोडी बहुधा पुन्हा एकत्र आलीच नसती, आणि मलाही ते गाणं ड्रमसकटच आधी आवडलं. पण मग त्याचं नाव तरी छापा. कोलंबियासारख्या कंपनीत त्या काळी एक कृष्णवर्णीय निर्माता हे काम करत होता, आणि तुमच्या अर्ध्या पानाच्या लेखात त्याचा उल्लेख नाही. ज्याने केलं तो गायब, आणि ज्यांना विचारलं नाही त्यांच्या पदरात ते श्रेय!

आणखी एक. फोटोखालची नावं उलटी पडली आहेत. उंच, कुरळ्या केसांचा तो गारफंकल. बुटका तो सायमन, आणि गाणं त्याने लिहिलंय. गेल्या नागपंचमीला ओव्यांवरच्या लेखात तुम्ही जात्याऐवजी पाटा-वरवंटा छापला होता, तेव्हाही मी पत्र टाकलं होतं. ना उत्तर आलं, ना दुरुस्ती.

येत्या रविवारी दोन्ही दुरुस्त्या छापाव्यात ही विनंती. निर्माता टॉम विल्सन, तारीख १५ जून १९६५, आणि फोटोतली नावं डावीकडून उजवीकडे नीट.

आपली,
एक जुनी वाचक, मिरज