लॅपटॉप चांगला, राउटर चांगला, तरी नेट नाही : तक्रार बंद केल्याबद्दल तक्रार

दिनांक : ६ ऑगस्ट २०२५
कराड, जि. सातारा

प्रति,
माननीय अपील प्राधिकारी,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : घरच्या राउटरवर नवीन लॅपटॉप न जोडला जाणे, त्या तक्रारीवर चुकीचा शेरा मारून ती बंद करणे व ५९० रुपयांची आकारणी.

संदर्भ : माझ्या १० जुलै व २५ जुलैच्या तक्रारी. क्रमांक सोबतच्या एसएमएसच्या प्रतींवर आहेत.

महोदय,

मी नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या इंटरनेट सेवेची ग्राहक आहे. पंचायत समितीच्या कार्यालयात २९ वर्षे आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले. कागद कुठून आला, कुठे गेला आणि त्यावर कोणी काय शेरा मारला, एवढेच मला कळते. पण ते नीट कळते. आमचे नेट चार दिवसांपूर्वी सुरळीत झाले आहे. तरीही लिहीत आहे, कारण आपल्या दप्तरी माझ्या तक्रारीपुढे ‘ग्राहकाच्या उपकरणात दोष’ असे लिहिलेले आहे आणि ते खोटे आहे.

माझी सून घरी बसून दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रे भरते. मे महिन्यात जुना संगणक कायमचा बसला. ९ जुलैला नवा लॅपटॉप आणला. विंडोज ११ सुरू होतानाच इंटरनेट मागते. वाय-फायचे नाव दिसले, पासवर्ड घातला, तो बरोबर असल्याचेही कळले आणि पुढे ‘इंटरनेट नाही’. त्याच खोलीत माझ्या फोनवर भजन चालू होते. सुनेने स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट दिला तर लॅपटॉप लगेच चालू झाला. म्हणजे लॅपटॉप चांगला, राउटरही चांगला, आणि दोघांचे मात्र जमत नाही. आमच्या कार्यालयात अशा दोन विभागांचे एकमेकांशी जमायचे नाही, तेव्हा फाइल मधल्या मध्ये अडकायची.

१० तारखेला तक्रार दिली. १२ तारखेला आपला माणूस आला. त्याने राउटरचे बटण बंद केले, पन्नासपर्यंत मोजल्यासारखे उभा राहिला आणि चालू केले. लॅपटॉप समोरच उघडा होता, तो झटकन जोडला गेला. “झालं काकू,” म्हणून त्याने ओटीपी मागितला, मी दिला. ही माझी चूक, कबूल. संध्याकाळी टीव्ही लावला तर त्याला नेट नाही. फोन केला. उत्तर मिळाले : “टीव्हीची तक्रार वेगळी नोंदवावी लागेल.” दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर लाइट गेली. आली तेव्हा टीव्ही चालू आणि लॅपटॉप पुन्हा बंद.

मग सुनेच्या भावाने फोनवरून सांगितल्याप्रमाणे लॅपटॉपवर आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केले. पत्ता आला १६९.२५४ ने सुरू होणारा. फोनचा पत्ता पाहिला तर तो १९२.१६८.१.४. दोन्ही मी वहीत उतरवून घेतले. भावाने सांगितले ते असे : कुठलेही यंत्र वाय-फायवर आले की राउटरकडे पत्ता मागते. राउटरने उत्तरच दिले नाही, तर थोडा वेळ वाट पाहून यंत्र स्वतःच स्वतःला १६९.२५४ चा तात्पुरता पत्ता लावून घेते. त्या पत्त्यावर बाहेरचे टपाल येत नाही. हे मला लगेच समजले. हे मी जसेच्या तसे आपल्या ग्राहक सेवेला सांगितले. तिकडून उत्तर आले, “१६९ येतंय म्हणजे लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड खराब आहे, मॅडम.” आणि वर सल्ला दिला की ४० ऐवजी १०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या.

कार्ड खराब असेल तर हॉटस्पॉट कसा चालतो, या प्रश्नावर मला ‘होल्ड’वर ठेवण्यात आले.

तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून लॅपटॉप १४ जुलैला सातारला सेवा केंद्रात दिला. तो २२ तारखेला परत आला, कागदावर शेरा ‘दोष आढळला नाही’. मधल्या काळात २० तारीख गेली. जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची तीच मुदत असते आणि उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. सून ओळखीच्या करसल्लागाराच्या कार्यालयात दोन दिवस पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसून सात जणांची विवरणपत्रे भरून आली. लॅपटॉप घरी आल्यावर पुन्हा तेच.

आता खरी गोष्ट. मुलगा दोन दिवस कोल्हापूरला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपला आपोआप नेट आले, कोणी काही न करता. रात्री मुलगा परत आला आणि त्याच्या फोनचे वाय-फाय बंद! तो फोनलाच शिव्या देत बसला. मी वही काढली. जुलै महिन्यात कोणत्या दिवशी घरात काय चालले आणि काय अडले हे लिहून ठेवलेले होते. रकाने आखून पाहिले तर घरात एका वेळी पाचच यंत्रे चालत होती : तीन फोन, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा. कॅमेरा जूनमध्ये बसवला, म्हणजे जुना संगणक बंद पडल्यानंतर. संगणकाची जागा कॅमेऱ्याने घेतली होती. लॅपटॉप सहावा.

हे मी २५ तारखेला दुसरी तक्रार देताना सांगितले. फोनवरचा मुलगा हसला. “आजी, तुमच्या मुलाच्या कोल्हापूरला जाण्याचा आणि लॅपटॉपचा काय संबंध?” असे त्याने विचारले. हे संभाषण आपल्याकडे ध्वनिमुद्रित असेल, कृपया ऐकावे.

२ ऑगस्टला दुसरा मुलगा आला. वय बावीस-तेवीस, पाठीवर पिशवी, बोलणे कमी. मी वहीचे पान पुढे केले. त्याने ते पूर्ण वाचले. आपल्या माणसांपैकी हे करणारा तो पहिला. मग स्वतःच्या लॅपटॉपला राउटरची वायर जोडली, १९२.१६८.१.१ उघडले, पासवर्ड टाकला आणि एक पान दाखवले. पत्ते वाटण्याची सुरुवात : २. शेवट : ६. मुदत : ८६४०० सेकंद. दोनपासून सहापर्यंत पाचच पत्ते, आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास त्याच यंत्राच्या नावावर. म्हणून मुलगा गेल्यावर दुसऱ्या दिवशी लॅपटॉपला जागा मिळाली, आणि राउटर बंद-चालू केला की जो आधी मागेल त्याला. पंगतीत पानेच पाच मांडली होती; सहावा कितीही भुकेला असला तरी वाढणार कशावर?

त्याने ६ च्या जागी २५४ लिहिले, जतन केले. जेमतेम दोन मिनिटे लागली असतील. चहा झाला तेव्हा सहाही यंत्रे चालू होती. मर्यादा कोणी घातली विचारले, तर म्हणाला, “कनेक्शन बसवतानाच घातलीय.” माझ्या करारात यंत्रांच्या संख्येचा एक शब्दही नाही, चारही पाने दोनदा वाचली. पासवर्ड आपल्या माणसांनी बदललेला, राउटरच्या खालच्या चिठ्ठीवरचा चालत नाही, आणि मागितला तर ‘ग्राहकांना देत नाही’. म्हणजे कुलूप तुमचे, किल्ली तुमची, आणि दार उघडत नाही म्हणून दोष माझ्या पाहुण्याचा.

त्या मुलाचे नाव मी लिहीत नाही. त्याला यावरून कोणी जाब विचारला तर आमच्या गल्लीतून आणखी सात-आठ पत्रे येतील. समोरच्या घरी मुलगी माहेरी आली की त्यांचा टीव्ही बंद पडतो. आजवर ते तिच्या फोनला नावे ठेवत होते.

तेव्हा माझे म्हणणे असे. दोन्ही तक्रारींवरचा शेरा दुरुस्त करून ‘राउटरमध्ये कंपनीने घातलेली मर्यादा’ असा करावा आणि त्याची लेखी प्रत मला द्यावी. ऑगस्टच्या बिलात ‘ग्राहकाच्या उपकरणासाठी भेट’ म्हणून लावलेले ५०० रुपये व त्यावरचा १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये परत करावेत. सातारला जाण्या-येण्याचा खर्च मी मागत नाही, पण तो झाला हे आपल्याला माहीत असावे. राउटरचा पासवर्ड मला द्यावा, आणि आमच्या भागात ज्यांच्या राउटरवर हीच मर्यादा आहे त्यांची ती त्यांना न विचारता काढावी, जशी न विचारता घातली होती.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. आपल्या फोनवरच्या बाईंनी मला सांगितले की इंटरनेटच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतच नाहीत. दूरसंचार सेवेबद्दलच्या तक्रारी तिथे चालतात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही लागत नाही. बाईंना हे कळवावे.

सोबत वहीच्या जुलै महिन्याच्या दोन पानांची छायाप्रत, सेवा केंद्राचा कागद, ऑगस्टचे बिल आणि दोन्ही एसएमएसच्या प्रती जोडल्या आहेत. हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. पोहोच मिळाल्यावर आपला आवक क्रमांक कळवावा.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक बिलावर आहे)