मांजर तुमचं, मग त्याने मारलेला बुलबुल कोणाचा?

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई

विषय : पाळीव मांजरांच्या शिकारीची जबाबदारी पाळणाऱ्यांवर टाकण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मुलुंड पश्चिमेला राहते. घरात दोन मांजरं आहेत, तेव्हा हे पत्र मांजरांचा तिटकारा असलेल्या बाईचं नाही, हे आधीच सांगते. (तिटकारा असलेल्यांची पत्रं आपल्याकडे येतच असतील, बहुतेक जिन्यातल्या घाणीबद्दल.) माझं म्हणणं थोडक्यात असं : मांजर पाळून ते मोकाट सोडणाऱ्याला त्याच्या शिकारीचा जाब विचारला गेला पाहिजे. मात्र मेलेल्या पाखरामागे दंड, अशा पद्धतीने नव्हे. नोंदणी, नसबंदी आणि बंद दार, या तीन गोष्टी त्याच्याकडून करून घेतल्या पाहिजेत.

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या कुंपणातल्या तगरीत आणि जास्वंदीत बुलबुल घरटी करतात. त्यांची पिल्लं घरट्याबाहेर पडतात तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. शेपटी बोटाच्या पेराएवढी, आणि भीती अजून शिकायची असते. दोन-तीन दिवस ती खालच्या फांद्यांवर, कधी सरळ जमिनीवर बसून आईबापांना हाका मारत राहतात. ती हाक तळमजल्यावरच्या मांजरालाही ऐकू येते. हे मांजर उपाशी नसतं. सकाळीच पाकिटातलं महागडं खाणं खाऊन अंग चाटत बसलेलं असतं. भूक आणि शिकार यांचा मांजराच्या डोक्यात फारसा संबंध नसतो, पोट भरलेलं असलं तरी हाललेल्या वस्तूवर ते झडप घालतंच. पिल्लू त्याच्या तोंडातून सुटलं तरी बहुधा वाचत नाही. दाताच्या टोकाएवढी जखम पिसांखाली दिसतही नाही, पण लाळेतले जंतू आत गेलेले असतात. मालकीणबाई मात्र म्हणतात, "अगं, नुसतं खेळत होतं ते, काही केलं नाही त्याने." तेच मांजर पुढे सरडे, सापसुरळ्या, दयाळाची पिल्लं असं काय काय आणून पायपुसण्यावर ठेवतं, आणि त्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांसह येतात.

आता कायद्याची गंमत पाहा. मी पोपटाचं पिल्लू पकडून पिंजऱ्यात ठेवलं, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मी गुन्हेगार. माझ्या मांजराने तेच पिल्लू फाडून खाल्लं, तर मी प्राणिप्रेमी.

"मांजराचा स्वभावच तो" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर चिडणंही सोडलंय. स्वभाव मांजराचा आहे, मान्य. पण दार उघडं ठेवलं कोणी? कुत्रा चावला तर "कुत्र्याचा स्वभावच तो" असं कोणी ऐकून घेत नाही. कुत्र्याला परवाना लागतो, रेबीजची लस लागते, गळ्यात पट्टा लागतो. मांजराच्या नोंदणीबद्दल आमच्या सोसायटीत आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. पुणे महापालिकेने २०२२ मध्येच मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला. पुण्याने आपल्याआधी काही करावं हे मुंबईकराला झोंबतंच, पण इथे झोंबून घेणं बरं.

मांजरवाले दुसरा मुद्दा काढतात तो आकड्यांचा, आणि तो खरा आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की तिथली मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, पण त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा. म्हणजे आमची सुटली? नाही सुटली. बेवारस मांजरं आकाशातून पडत नाहीत. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि दोन महिन्यांत विते. ज्या घरात नसबंदीचा कंटाळा केला जातो, त्या घरातली पिल्लं एका संध्याकाळी खोक्यात घालून मासळी बाजाराच्या मागे सोडली जातात, "तिथे खायला मिळतं हो" असं म्हणत. प्राण्याला असं उपासमारीवर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. दोन वडापावांत गुन्हा फिटला! हा कायदा बदलणं आपल्या हातात नाही, दिल्लीच्या हातात आहे. पण नोंदणी असेल तर निदान खोकं कोणाच्या घरातून निघालं ते तरी कळेल.

तिसरं उत्तर उंदरांचं, आणि मुंबईत ते वजनदार वाटतं. ज्या शहराने १८९६ चा प्लेग पाहिला आणि जिथे दर पावसाळ्यात लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचं, भय असतं, तिथे उंदीर मारणाऱ्या मांजराविरुद्ध कोण बोलणार? पण न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका कचरा प्रकल्पात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून मांजरं आणि उंदीर यांच्यावर नजर ठेवली. त्या काळात मांजरांनी मारलेले उंदीर दोन. मोठा उंदीर उलटून चावतो. आपल्या गटारातल्या घुशीसमोर तर भले भले बोके वाट बदलतात. उंदीर मारायचे तर महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक वाढवा आणि कचरा उचला. बुलबुलाच्या पिल्लाला शिंगं नाहीत, चावा नाही, म्हणून तेच सापडतं.

मालकाला जबाबदार धरणं म्हणजे मुंबईत काही आक्रीत नाही. २०२५ मध्ये आपण दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. दाणे टाकणारे लोक भूतदयेनेच टाकत होते, तरीही त्या दयेचा त्रास दुसऱ्यांना होतो तेव्हा हात आवरला पाहिजे, हीच आपली भूमिका होती. मांजराला सकाळी दार उघडून देणं हीसुद्धा त्याच जातीची दया आहे, फक्त तिचा त्रास होणाऱ्यांना तक्रार अर्ज लिहिता येत नाही.

मात्र एक गोष्ट आपण विसरू नये, नाहीतर हा नियम फक्त गरिबांवर चालेल. दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून मांजर ठेवणं शक्य नाही, तिथे माणसंच दारात बसून श्वास घेतात. पिठाच्या गिरणीतली किंवा किराणा दुकानातली मांजर कोणाच्या मालकीची हे मालकालाही नीट सांगता येणार नाही. कोळीवाड्यात तर मांजर आख्ख्या गल्लीची. तिथे आग्रह फक्त नसबंदीचा आणि लसीचा असावा, तोही मोफत, आणि विभागातच शिबिर लावून. पिल्लू उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं म्हणजे एका माणसाचा दिवसाचा रोज बुडतो. बंद दाराचा नियम इमारतीतल्या आमच्यासारख्यांना लावा. आमच्या खिडक्यांना आधीच बॉक्स ग्रील आहे, त्यावर कबुतरांची जाळी आहे. मांजर घरात ठेवायला नव्याने दमडी खर्च करावी लागणार नाही. आणि रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या बायकांना मालक ठरवू नका. नसबंदीसाठी मांजरं पकडून देणाऱ्या त्याच असतात. त्यांना दंडाची भीती घातलीत तर आहे ती मदतही जाईल.

घरात ठेवलेलं मांजर कंटाळतं, हे खरं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात असं दिसलं की मांसाचं प्रमाण जास्त असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. आमच्याकडे दोरीला बांधलेल्या मोरपिसावर दोघं अर्धा तास दमतात, आणि नंतर पंख्याखाली आडवी होतात.

जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ गावाच्या दक्षिण भागात जिल्हा प्रशासनाने २०२२ मध्ये तुरेवाल्या चंडोलासाठी काही महिने मांजरं घरात कोंडायला लावली, आणि चंडोल मारला गेल्यास पन्नास हजार युरोंपर्यंतच्या दंडाची तंबी दिली. असलं काही इथे नको, अंमलबजावणी होणार नाही आणि हसं होईल. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहराची रीत मला जास्त पटते. १ जुलै २०२२ पासून पुढे जन्मलेली मांजरं मालकाच्या जागेतच राहतील, आधीच्यांना सवलत. म्हाताऱ्या बोक्याला आता कोंडून त्याचे हाल करण्यात अर्थ नाही, नव्या पिल्लांपासून सवय लावता येते.

आपणही तसंच करावं. पुढची तारीख धरून नव्या मांजरांची नोंदणी सक्तीची करा, आणि ती विकत घेतानाच होऊ द्या. फुले मंडईतल्या (म्हणजे क्रॉफर्ड मार्केटातल्या) विक्रेत्यापासून ऑनलाइन पर्शियन पिल्लं विकणाऱ्यापर्यंत कोणीही नोंदणीशिवाय पिल्लू हाती देऊ नये. सुरुवात टी विभागापासून, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेल्या आमच्या मुलुंडपासून करायची असेल, तर आमच्या दोन्ही मांजरांचे अर्ज पहिल्या दिवशी येतील. मार्चमध्ये घरटी सुरू होतात. त्याआधी परिपत्रक निघालं तर बरं.

आपली विश्वासू,
मुलुंडची एक मांजरवाली