राजधानीच्या खुणा पाहायच्या कशा?

महोदय,

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या भाच्याला ‘आपलं नागपूर’ दाखवायचे म्हणून महाल या जुन्या भागात नेले. गांधी गेटच्या, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजाच्या, कमानीखाली आम्ही थांबलो, तर मागून हॉर्नचा असा भडिमार झाला की मान वर करून दगडी काम पाहण्याआधीच बाजूला व्हावे लागले. हा दरवाजा कोणी व कधी बांधला, असे त्याने विचारले. भिंतीवर शोधले तेव्हा शिकवणी वर्गांची तीन पत्रके तेवढी सापडली.

गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेले, पुढे रघुजी भोसल्यांनी राजधानी केलेले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलेल्या राज्याचे हे शहर आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये जिथे भोसल्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले, त्या सीताबर्डीच्या टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने वर्षातले मोजकेच दिवस सामान्यांसाठी खुला असतो. सुरक्षेचे कारण समजण्यासारखे आहे, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. भर रस्त्यातल्या दरवाजाला मात्र अशी कोणतीच अडचण नाही. तेथे मराठीत ठळक माहितीफलक लावावा, पत्रके चिकटवणाऱ्यांकडून दंड वसूल करावा आणि रविवारी सकाळी दोन तास तरी कमानीखालून वाहने सोडू नयेत, एवढी महापालिकेला विनंती आहे. भाचा उन्हाळ्यात पुन्हा येणार आहे.

– एक नागपूरकर, महाल, नागपूर