नागासाकीचं काय?

महोदय,

'अणुबॉम्ब टाकला नसता तर युद्ध संपलंच नसतं,' हे वाक्य मीही ३० वर्षं वर्गात सांगितलं. आपल्या पुरवणीतल्या लेखात ते पुन्हा वाचलं आणि राहवलं नाही.

मुलीकडे जपानला गेले होते तेव्हा हिरोशिमाच्या संग्रहालयात एका शाळकरी मुलाचा डबा पाहिला. आतल्या जेवणाचा कोळसा झालेला. आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या कामाला पोरं जुंपली होती. आईने लेकाला ओळखलं ते त्या डब्यावरून. मी जन्मभर डबे भरलेली बाई, पाय हलेनात.

जपानी सैन्याने चीनच्या नानजिंगमध्ये कसा नरसंहार केला, ओकिनावा बेटाच्या लढाईत किती माणसं मेली, ठाऊक आहे. हिरोशिमापुरता वाद घालता येईल. पण नागासाकी? मधे फक्त ३ दिवस. ८ ऑगस्ट १९४५ला रशियाने युद्ध पुकारलं, त्यावर तोक्योत विचार व्हायलाही उसंत नको? ९ तारखेच्या बॉम्बचं लक्ष्य खरं तर कोकुरा शहर होतं. खालचं नीट दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. आणि क्योतो शहर तर अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनी आधीच लक्ष्यांच्या यादीतून काढायला लावलं होतं.

त्या लेखात 'अपरिहार्य' हा शब्द चार वेळा आला आहे. मी मोजला.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज